दुर्बिणीमागचा दिवा

‘दुर्बीण घालून बघावं लागेल,’ असं डॉक्टरांनी सांगितलं की पेशंटचं आणि नातेवाइकांचं सगळं लक्ष त्या नळीकडे जातं. नळी किती जाड असते, घशातून उतरताना ओकारी येईल का, भूल देणार की नुसता फवारा मारणार. एंडोस्कोपीच्या खोलीत नळीइतकीच महत्त्वाची आणखी एक वस्तू ट्रॉलीच्या कप्प्यात असते. चपटी पेटी, पुढे नळी खुपसायचं सॉकेट, दोन-चार बटणं आणि आत पंख्याची घरघर. तिला सगळे ‘लाइट सोर्स’ म्हणतात. नळीच्या टोकाला दिसणारा उजेड तिच्यातून येतो.

तपासणी चालू असताना डॉक्टर नळीच्या मुठीवरचं एक बटण दाबतात आणि पडद्यावरचं दृश्य पालटतं. क्षणापूर्वी गुलाबी दिसणारं अन्ननलिकेचं अस्तर हिरवट-राखाडी होतं. त्यावर बारीक तपकिरी रेषा आणि ठिपके उमटतात, आणि खोलवरच्या जाड शिरा निळसर-हिरव्या होऊन वेगळ्या उठून दिसतात. नळी तीच, कॅमेरा तोच, जागाही तीच. पेटीने पांढऱ्या उजेडातला बराच मोठा भाग काढून घेतलेला असतो, म्हणून हे दिसतं.

या पेटीचा वंश शोधत मागे गेलं की दोन वेगळी घराणी सापडतात. एक दिवे करणाऱ्यांचं. शरीराच्या आत पुरेसा उजेड पोचवायचा कसा, एवढीच त्यांची दीडशे वर्षांची चिंता होती. दुसरं घराणं वर्णपटाचा अभ्यास करणाऱ्यांचं. उजेडातून काय वजा करायचं हे त्यांनी शिकवलं. माझ्या मते वैद्यकाला खरा लाभ दिला तो या दुसऱ्या घराण्याने, आणि त्याची नोंद मात्र फार कमी घेतली जाते.

पहिल्या घराण्याचा मूळपुरुष फ्रँकफुर्टमध्ये भेटतो. डॉ. फिलिप बोझिनी यांनी १८०६ च्या सुमाराला ‘लिश्टलायटर’ नावाचं उपकरण पुढे आणलं. फुलदाणीच्या आकाराचा पत्र्याचा कंदील, त्यावर चामड्याचं आवरण आणि आत मेणबत्ती. मेणबत्ती जळत जाईल तशी ती खाली बसू नये म्हणून बुडाशी स्प्रिंग, म्हणजे ज्योत कायम एकाच उंचीवर. ज्योतीजवळ आरसा, समोर झरोका, आणि त्या झरोक्याला शरीराच्या निरनिराळ्या मार्गांसाठी निरनिराळ्या नळ्या. उजेड आत जातो, परत येतो आणि मागून डोळा लावून पाहता येतं. ही सारी मांडणी एका माणसाने एका मेणबत्तीच्या बळावर केली होती. व्हिएन्नाच्या वैद्यक विद्याशाखेने ते उपकरण नामंजूर केलं. बोझिनी १८०९ मध्ये टायफसने गेले, तेव्हा ते अवघे ३५ वर्षांचे होते. त्यांचं मूळ उपकरण पुढे शिकागोला जाऊन पोचलं आणि २००२ मध्ये व्हिएन्नाला परत आलं.

बोझिनींचा दिवा शरीराबाहेर होता, हे लक्षात ठेवावं. पुढच्या सगळ्या कथेला त्याचं महत्त्व आहे.

१८५३ मध्ये पॅरिसच्या अँतोनँ देझोर्मो यांनी मेणबत्तीऐवजी स्पिरिट आणि टर्पेंटाइनच्या मिश्रणावर जळणारा दिवा वापरला. ‘एंडोस्कोप’ हे नाव त्यांचंच. दिवा चांगला तापायचा आणि चटके बसायचे. १८६८ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये आडोल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाच्या घशातून सरळ धातूची नळी जठरापर्यंत उतरवली. नळी गेली, पण तेवढ्या लांबवर देझोर्मोंच्या दिव्याचा उजेड पुरेना आणि प्रयत्न तिथेच थांबला. मग माक्स नित्से यांनी उलटा विचार केला: दिवाच आत न्यायचा. १८७७ मध्ये त्यांनी दाखवलेल्या मूत्राशयाच्या दुर्बिणीत टोकाशी प्लॅटिनमची तार विजेने लालबुंद तापवली जाई आणि आतला अवयव भाजू नये म्हणून तिच्याभोवती थंड पाणी खेळवलं जाई. एडिसनचा विजेचा दिवा आल्यावर त्याची इवलीशी आवृत्ती टोकाशी बसली आणि पाण्याची कटकट गेली. पुढची ७० वर्षं दुर्बिणीच्या टोकाशी तोच मिणमिणता बल्ब होता. तो पिवळट होता, तापायचा आणि ऐन वेळी जायचा.

दिवा पुन्हा शरीराबाहेर आणण्याचं काम काचतंतूंनी केलं. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याकडे संशोधन करत होते. काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाकवून नेता येते हे दोघांनी २ जानेवारी १९५४ च्या ‘नेचर’मध्ये मांडलं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात बेसिल हिर्शोविट्झ यांनी ते वाचलं. लॅरी कर्टिस या तिथल्या विद्यार्थ्याने प्रत्येक तंतूवर वेगळ्या काचेचं अस्तर चढवून उजेडाची गळती थांबवली आणि १९५७ मध्ये लवचीक दुर्बीण जठरात पोचली. प्रतिमा बाहेर आणणारे तंतू होते तसे उजेड आत नेणारेही तंतू आले. १९६० च्या दशकात ‘थंड प्रकाश’ रूढ झाला. दिवा बाहेर पेटीत, उष्णता पेटीतच आणि टोकाशी नुसता उजेड. मग पेटीत ३०० वॉटचा झेनॉनचा दिवा बसवायलाही कुणाची हरकत नव्हती. एंडोस्कोपी खोलीत काम करणाऱ्या तंत्रज्ञांना त्या दिव्याचा तासांचा काटा ठाऊक असतो: ५०० तास भरत आले की नवा दिवा मागवायचा.

ही सगळी धडपड उजेड वाढवण्याची होती. पण दिवा बाहेर आल्याने एक गोष्ट आपोआप घडली. दिवा आणि शरीर यांच्या मधे आता मोकळी जागा होती, आणि तिथे उजेडात हात घालता येत होता.

उजेडात हात कसा घालायचा, हे आयझॅक न्यूटन यांनी आधीच करून दाखवलं होतं. १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये एक प्रयोग आहे, आणि प्रिझमच्या प्रसिद्ध प्रयोगापुढे तो उगीच झाकोळला गेला आहे. प्रिझममधून फाकलेले रंग न्यूटन यांनी भिंगाने पुन्हा एका जागी आणले, तिथे पांढरा उजेड पडला. मग भिंगापाशी त्यांनी एक कंगवा आडवा धरला. त्याचे दात काही रंग अडवत आणि फटी काही रंग सोडत, त्यामुळे कागदावरचा पांढरा ठिपका रंगीत होई. कंगवा सरकवला की रंग पालटे. कंगवा भराभर मागेपुढे केला की डोळ्याला ते रंग वेगळे कळेनासे होत आणि ठिपका पुन्हा पांढरा दिसे. वर्णपट फाकवायचा, त्यातलं हवं तेवढंच जाऊ द्यायचं आणि उरलेलं पुन्हा एकत्र करायचं. आज ज्याला प्रोग्रॅम करता येणारा प्रकाशस्रोत म्हणतात, त्याचा सगळा आराखडा या कंगव्यात आहे.

पण कोणते रंग अडवायचे? ते रक्ताने सांगितलं. १८६२ मध्ये जर्मनीतले फेलिक्स होप्पे-झायलर यांनी पातळ केलेल्या रक्तातून पांढरा उजेड सोडून पुढे प्रिझम धरला, तेव्हा वर्णपटाच्या हिरव्या-पिवळ्या भागात दोन काळे पट्टे दिसले. तेवढा उजेड रक्ताने गिळला होता. दोन वर्षांनी केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी रसायनं घालून त्याच रक्तातला ऑक्सिजन काढून घेतला आणि दोन पट्ट्यांचा एकच रुंद पट्टा झाला. हवेबरोबर हलवल्यावर दोन पट्टे परत आले. रक्तात ऑक्सिजन आहे की नाही हे रंगावरून, शरीराला हात न लावता कळू शकतं, याचा तो पहिला पुरावा. १८८३ मध्ये जिनीव्हाच्या झाक-लुई सोरे यांनी जांभळ्या टोकाला आणखी एक पट्टा दाखवला, आणि तो सगळ्यांत गडद निघाला. हे पट्टे आता नॅनोमीटरमध्ये सांगतात: ४१५ च्या आसपास सोरेंचा, ५४० आणि ५७७ च्या आसपास होप्पे-झायलर यांचे. या तिघांपैकी कुणाच्याही डोळ्यापुढे दुर्बीण नव्हती, पण पेटीतल्या बटणामागे त्यांचेच आकडे आहेत.

दवाखान्यात वजाबाकीचा उजेड आधी डोळ्याच्या डॉक्टरांनी आणला. १९१३ मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड फोग्ट यांनी उजेडातला तांबडा भाग गाळून दृष्टिपटल पाहिलं, तेव्हा रक्तवाहिन्या काळ्याभोर झाल्या आणि मज्जातंतूंच्या रेघा उठून आल्या. आजही डोळ्याच्या तपासणीत तो हिरवा उजेड वापरतात. पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांनी तीच युक्ती गर्भाशयमुखासाठी उचलली. हान्स हिन्सेलमान यांनी १९२५ मध्ये हॅम्बुर्गमध्ये कॉल्पोस्कोप तयार केला, आणि १९३९ मध्ये त्याला हिरवी काच जोडली गेली. हिन्सेलमान यांचं नाव घेताना दुसरी गोष्टही सांगायला हवी. आउश्विट्झ छळछावणीत कैदी स्त्रियांवर झालेल्या कॉल्पोस्कोपीच्या प्रयोगांशी ते जोडलेले होते, आणि रोमा स्त्रियांच्या सक्तीच्या नसबंदीबद्दल युद्धानंतर त्यांना तुरुंगवास झाला. उपकरण उपयोगी ठरलं म्हणून तो इतिहास पुसला जात नाही.

इथून पुढे दोन्ही घराणी एकत्र येतात. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वेल्च अॅलिन कंपनीने दुर्बिणीच्या टोकाशी इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याची चिप बसवली. चिप लहान ठेवायची तर तिला रंग ओळखता येईनात, ती फक्त कमी-जास्त उजेड मोजायची. मग रंगाचं काम लाइट सोर्सकडे आलं. झेनॉनच्या दिव्यापुढे तांबडी, हिरवी आणि निळी काच बसवलेली चकती वेगाने फिरू लागली. अस्तरावर क्षणभर तांबडा उजेड, मग हिरवा, मग निळा. चिप तीन कृष्णधवल चित्रं घेई, आणि संगणक त्यांची एक रंगीत प्रतिमा करी. पाण्याचा थेंब झटकन हलला तर पडद्यावर त्याची तांबडी-निळी भुतं दिसायची. न्यूटन भराभर हलवत होते तो कंगवा गोल होऊन पेटीत फिरू लागला होता.

चकतीतल्या काचा बदलता येतात, हे सुचायला मात्र १९९९ उजाडावं लागलं. जपानच्या काशिवा इथल्या राष्ट्रीय कर्करोग केंद्राच्या रुग्णालयात डॉ. यासुशी सानो आणि ऑलिंपस कंपनीचे काझुहिरो गोनो यांनी काम सुरू केलं. त्यांनी पांढऱ्या उजेडातून दोनच अरुंद पट्ट्या ठेवल्या: ४१५ नॅनोमीटरभोवतीची आणि ५४० भोवतीची. बाकी सगळं अडवलं. आखूड तरंगलांबीचा उजेड पेशींमध्ये लवकर विखुरतो आणि फार खोल जात नाही. त्यामुळे ४१५ वाला उजेड वरच्या थरातच फिरतो आणि तिथल्या केशवाहिन्यांतलं रक्त त्याला गिळून टाकतं. ५४० वाला थोडा खाली उतरतो आणि जाड शिरांमध्ये अडकतो. पडद्यावर पहिल्याचं चित्र निळ्या आणि हिरव्या रंगात टाकायचं, दुसऱ्याचं तांबड्यात. म्हणून वरच्या वाहिन्या तपकिरी आणि खालच्या निळसर-हिरव्या दिसतात. कर्करोगाची सुरुवात होताना वरच्याच केशवाहिन्या वेड्यावाकड्या होतात. पांढऱ्या उजेडात त्या गुलाबी अस्तरात मिसळून जातात.

हे ‘नॅरो बँड इमेजिंग’ बाजारात आल्यावर मानाबू मुतो आणि सहकाऱ्यांनी अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या ३२० रुग्णांवर त्याची कसोटी घेतली. २०१० मध्ये निकाल छापून आला. अन्ननलिकेतले वरवरचे कर्करोग पांढऱ्या उजेडात ५५ टक्के सापडले, निवडक उजेडात ९७ टक्के. घसा आणि त्याच्या आसपासच्या भागात हे आकडे ८ आणि १०० टक्के होते. नवीन दिव्याची उमेद वाढवणारे निकाल पुष्कळ असतात, पण इतका स्पष्ट फरक क्वचितच दिसतो. मोठ्या आतड्यातले पॉलिप शोधण्यात मात्र सुरुवातीच्या अनेक चाचण्यांत पांढऱ्या उजेडाहून फारसा फायदा निघाला नाही. उजेडातलं इतकं काढून घेतल्यावर रुंद आतडं अंधारंच दिसणार. एकच गाळणी सगळ्या अवयवांना चालत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

काच एकदा घासून बसवली की तिचा रंग कायमचा ठरतो. अवयवागणिक उजेड बदलायचा तर काच सोडायला हवी होती, आणि तिला दोन पर्याय आले. पहिला एलईडीचा. तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दाखवला होता. निळ्यासाठी मात्र इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना झगडावं लागलं. नाकामुरांचा लख्ख निळा एलईडी १९९३ मध्ये आला, आणि २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. निळा आणि जांभळा नसता तर ४१५ च्या आसपासचा उजेड एलईडीतून मिळाला नसता. २०२० च्या ऑलिंपसच्या यंत्रात पाच रंगांचे एलईडी आहेत. चकती नाही, मोटार नाही, विजेचा प्रवाह कमी-जास्त केला की मिश्रण बदलतं.

दुसरा पर्याय मला जास्त विलक्षण वाटतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये एका चिपवर सूक्ष्म आरशांची फौज उभी केली. प्रत्येक आरसा केसाच्या जाडीहूनही लहान आणि हुकमाप्रमाणे काही अंशांत इकडे किंवा तिकडे झुकणारा. सिनेमाच्या प्रोजेक्टरांमधून ही चिप चित्रपटगृहांत पोचली. प्रकाशस्रोतात तिचा उपयोग असा होतो: झेनॉनचा पांढरा उजेड जाळीने फाकवून त्याचा वर्णपट या आरशांवर पसरायचा. आरशांच्या प्रत्येक उभ्या रांगेवर वेगळी तरंगलांबी पडते. त्या रांगेतले जितके आरसे आत झुकतील तितका तो रंग पुढे जाईल, बाकीचे आरसे उजेड बाजूला फेकून देतील. पुढे भिंगाने सगळं गोळा करून केबलमध्ये सोडायचं. ४१५ पूर्ण, ५४० अर्धा, ५७७ शून्य, असा कुठलाही मेळ संगणकावर लिहिता येतो आणि क्षणात बदलता येतो. न्यूटन यांच्या कंगव्याला आता लाखो दात फुटले आणि प्रत्येक दात स्वतंत्रपणे उघडमीट करू लागला.

टेक्सासमध्ये कारेल झुझाक आणि सहकाऱ्यांनी या दिव्याने शस्त्रक्रियेत काम केलं. आधीच्या पद्धतीत एकेक तरंगलांबी घेऊन शंभरावर चित्रं काढावी लागत आणि मग संगणक बसून प्रत्येक ठिपक्यातला ऑक्सिजन काढे. तोवर पोट हललेलं असे. त्यांनी हिशेबच दिव्यात ढकलला. ऑक्सिजनवाल्या आणि ऑक्सिजन गेलेल्या रक्ताचे वर्णपट ठाऊक आहेतच, स्टोक्सपासून ठाऊक आहेत. त्यांच्यातल्या फरकानुसार मोजूनमापून मिसळलेले तीनच उजेड पाडायचे आणि तीनच चित्रं घ्यायची. बेरीज-वजाबाकी प्रकाशानेच केलेली असते. मूत्रपिंडाचा भाग काढताना कुठल्या कडेचा रक्तपुरवठा थांबलाय, हे अशा पद्धतीने सर्जनला समोर रंगांत पाहता येऊ लागलं.

महाराष्ट्रातल्या घराघरांत या कुळातलं सगळ्यांत लहान अपत्य २०२० मध्ये येऊन गेलं. सप्टेंबरातल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरले. त्या चिमट्यात ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि ९४० चा अवरक्त असे दोन एलईडी आळीपाळीने लुकलुकतात. तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं. पण २०२० च्याच डिसेंबरात मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की हे उपकरण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजनची धोकादायक घट गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा चुकवतं. त्वचेतलं मेलॅनिनही उजेड गिळतं, आणि उपकरणाचे आकडे बसवताना गडद त्वचेची माणसं पुरेशी घेतली गेली नव्हती.

म्हणून दिवा प्रोग्रॅम करता येतो, एवढ्याने माझं समाधान होत नाही. तो कुणाच्या शरीरावरून प्रोग्रॅम केला, हे विचारावं लागतं. आपल्याकडच्या तोंडाच्या कर्करोगाचं उदाहरण घ्या. तंबाखू-सुपारी चघळणाऱ्याच्या गालाचं अस्तर आवळून पांढुरकं झालेलं असतं, रक्तवाहिन्या कमी झालेल्या असतात आणि कित्येकांच्या तोंडात मुळातच रंगद्रव्य असतं. जपानी अन्ननलिकेवर बसवलेले ४१५ आणि ५४० इथे जसेच्या तसे पुरतील असं धरून चालणं बरोबर नाही. साध्या साधनाची ताकदही याच राज्याने दाखवली आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ४ टक्के अॅसिटिक आम्ल लावून, पांढऱ्या उजेडात, नुसत्या डोळ्यांनी गर्भाशयमुख तपासलं. त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. महागडा दिवा हा त्या कार्यकर्तीला पर्याय नाही. तिच्या हातात द्यायचा दिवा अधिक नेमका करता आला तर तो करावा.

ते करणं आता आवाक्यात आहे. पाच-सहा रंगांचे एलईडी, एक मायक्रोकंट्रोलर आणि कृष्णधवल कॅमेरा अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत जमतो. अवघड आहे ते मोजमाप: आपल्या माणसांच्या निरोगी आणि आजारी तोंडांतून परतणाऱ्या उजेडाचे वर्णपट, त्वचेच्या आणि व्यसनाच्या नोंदीसह, शेकडोंनी घेणं. पुण्यात, मुंबईत, नागपुरात दंत महाविद्यालयं आणि अभियांत्रिकी महाविद्यालयं एकाच शहरात आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून ही मोजणी सुरू करावी आणि तिचे आकडे सगळ्यांना खुले ठेवावेत.